लडाखचं ओझं उतरवा: सेकंडहँड हिमालयन ४११ रोजच्या वापरासाठी

सेकंडहँड बाजारात रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४११ बघायला गेलात तर गाडी एकटी क्वचितच भेटते. टाकीच्या दोन्ही अंगांना जेरीकॅन, मागे ॲल्युमिनियमचे डबे, त्यावर टॉप बॉक्स, पुढे जाडजूड क्रॅश गार्ड, चार दिवे आणि हँडलला विटलेल्या पताका असा लडाखच्या फेरीसाठी जमवलेला सगळा संसार सोबत येतो. विकणारा म्हणतो, "एवढ्या ॲक्सेसरीज फुकट देतोय." फुकट आहेत हे खरं, पण गाडी रोज कोथरूडहून हिंजवडीला जाणार असेल आणि महिन्यातून दोन रविवार ताम्हिणी किंवा माळशेज बघणार असेल, तर त्यातलं निम्म्याहून जास्त सामान पहिल्याच शनिवारी काढून ठेवायचं आहे. वाचलेले पैसे कुठे लावायचे, तेही इथे सांगितलं आहे.

आधी आकडे. ४११ सीसी, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन आणि जोडीला ऑइल कूलर. ताकद सुमारे २४ बीएचपी, टॉर्क ३२ न्यूटन-मीटर आणि तोही ४००० ते ४५०० आरपीएमलाच. पिस्टनचा स्ट्रोक (वर-खाली प्रवास) ८६ मिमी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८, म्हणजे लाँग स्ट्रोक. त्यामुळे घाटात तिसऱ्या गिअरमध्ये टाकून निवांत चढता येतं, प्रत्येक वळणाला गिअर खेळवावा लागत नाही. या गाडीचं खरं सुख एवढंच आणि ते रोज मिळतं. बीएस-६ (२०२० च्या प्रदूषण नियमांच्या) मॉडेलचं वजन मात्र १९९ किलो. २४ बीएचपीवर १९९ किलो म्हणजे गाडी आधीच काठावर आहे. त्यात डबे आणि त्यांची फ्रेम मिळून पंधरा किलोच्या आसपास, क्रॅश गार्ड पाच-सहा किलो, पेट्रोल भरलेले दोन जेरीकॅन आणखी सात-आठ किलो. इतकं वजन लादलं की हायवेवर नव्वदच्या पुढे ओव्हरटेक करताना थ्रॉटल पिळून वाट बघत बसावं लागतं.

जेरीकॅनचा हिशेब तर अगदीच सोपा आहे. टाकी १५ लिटरची. ॲव्हरेज तीसच्या आसपास धरलं तर एका टाकीत चारशेहून जास्त किलोमीटर होतात. पुणे-ताम्हिणी-माणगाव-दिवेआगर जाऊन-येऊन सव्वातीनशेच्या आसपास आणि वाटेत पंप आहेतच. महाराष्ट्रात एका दिवसाच्या फेरीला जेरीकॅन लागेल असा रस्ता शोधून सापडणार नाही. टाकीच्या बाजूचे रॅक मात्र राहू द्या. गाडी आडवी झाली तर टाकीवरचा मार बऱ्याचदा तेच झेलतात. उंच माणसाचे गुडघे जुन्या रॅकला घासतात. २०२१ च्या मॉडेलमध्ये ते रॅक आखूड केले आहेत.

कोणत्या सालची घ्यावी

गाडी २०१६ मध्ये आली, कार्ब्युरेटर घेऊन. २०१७ मध्ये बीएस-४ बरोबर फ्युएल इंजेक्शन आलं, २०१८ मध्ये एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. २०२० च्या बीएस-६ मॉडेलला मागच्या चाकाचा एबीएस बंद करायची सोय आणि हॅझर्ड स्विच मिळाला. २०२१ मध्ये सीट, काच आणि मागचं कॅरिअर सुधारलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ४५० आली आणि ४११ चा प्रवास संपला. रोज चालवायची असेल तर एबीएस असलेलीच घ्या. पावसाळ्यातल्या ओल्या डांबरावर त्याची किंमत कळते. बजेटमध्ये बसत असेल तर २०२१ किंवा नंतरची. कार्ब्युरेटरवाली सुरुवातीची गाडी स्वस्तात मिळते, पण ज्याला स्वतः पाना धरता येतो त्यानेच ती घ्यावी.

जानेवारी ते एप्रिल २०२१ या काळातली गाडी बघत असाल तर एक गोष्ट विचाराच. इग्निशन कॉइलमधल्या दोषामुळे कंपनीने मे २०२१ मध्ये वेगवेगळ्या मॉडेलच्या मिळून २ लाख ३६ हजार ९६६ गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यात या काळातल्या हिमालयनही होत्या. चासी नंबर सांगितला की अधिकृत सर्व्हिस सेंटरला ते काम झालं की नाही हे तपासता येतं. मधूनच मिसफायर होणारी किंवा गरम झाल्यावर बंद पडणारी या काळातली गाडी दिसली तर घासाघीस करण्याआधी हे तपासा.

पहिला खर्च: कोनसेट

या गाडीवर पैसे लावायची सुरुवात कोनसेटपासून, म्हणजे हँडलच्या बेअरिंगपासून करा. ते बाहेरून दिसत नाही, त्यामुळे विकणारा त्यावर कधी खर्च करत नाही. २१ इंची पुढचं चाक खड्डे बिनधास्त खातं, पण तो प्रत्येक दणका हँडल सरळ असताना त्याच त्या गोळ्यांवर बसतो. गोळ्या बेअरिंगच्या वाटीत बारीक खळगे पाडतात. हँडल मधोमध आलं की खोबणीत बसल्यासारखं अडकायला लागतं. चाळीसच्या स्पीडला गाडी किंचित डुलते, वळणावर एक अनामिक आडमुठेपणा जाणवतो आणि दोष टायरवर ढकलला जातो.

तपासणी पाच मिनिटांची आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, कोणालातरी मागून कॅरिअर खाली दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल दोन बोटांनी हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये कुठे 'कट्' करून थांबलं तर वाट्यांना खळगे पडलेत. मग फोर्कची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. 'टक्' आवाज आला किंवा हाताला खेळ जाणवला तर सेट ढिला आहे.

ढिला असेल तर कसून भागतं. खळगे पडले असतील तर कसून उपयोग नाही, उलट अडकणं वाढतं. गल्लीतला मेकॅनिक "टाइट करून देतो" म्हणाला तर त्याला वाट्या काढून दाखवायला सांगा. सेट बदलायचा तो वरचा-खालचा दोन्ही आणि वाट्यांसकट. इथे टेपर रोलर बेअरिंग टाकणं हा या गाडीवरचा सगळ्यात शहाणपणाचा खर्च. गोळी एका ठिपक्यावर भार घेते, रोलर पूर्ण रेषेवर घेतो, म्हणून ते खड्ड्यांना जास्त काळ पुरतं. मात्र ते कसण्यात कसब आहे. आधी घट्ट कसायचं, हँडल दोन्ही टोकांना आठ-दहा वेळा फिरवून रोलर बसवायचे, नट पूर्ण सैल करायचा आणि मग हलक्या हाताने इतकाच कसायचा की चाक उचललेलं असताना हँडलला बोट लावलं तर ते आपल्या वजनाने बाजूला कलेल. जास्त कसलं तर सरळ रस्त्यावर गाडी नागमोडी चालते. ५०० किलोमीटरनंतर एकदा पुन्हा तपासून घ्या. ग्रीस भरपूर भरा आणि प्रेशर वॉशरचा फवारा तिथे कधीही मारू देऊ नका.

हाच न्याय मागच्या मोनोशॉकच्या (एकाच शॉकॲब्सॉर्बरच्या) लिंकेजला. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मखाली सुई-रोलरवर फिरणारी ती जोडणी बहुतेक जुन्या गाड्यांत कोरडीठाक सापडते. मागून 'कुईं' आवाज येत असेल किंवा छोटे खड्डे थेट कमरेला कळत असतील तर शॉकॲब्सॉर्बर बदलण्याआधी लिंकेज उघडून, धुऊन, ग्रीस करून घ्या. वर्षातून एकदा, पावसाळा संपला की.

ब्रेक

पुढे ३०० मिमीची डिस्क आहे, तरी पहिल्या स्पर्शाला ब्रेक लाकडी वाटतो. त्यावर लोक थेट स्टील ब्रेडेड होज (स्टीलच्या जाळीची ब्रेक नळी) घेतात. तो सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी ब्रेक ऑइल बदला. डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा ओढतं. ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो १५५ च्या आसपास येतो. वरंधा घाट उतरताना लिव्हर हळूहळू मऊ होत जाते ती यामुळेच. दोन वर्षांतून एकदा ऑइल बदलायचं, बाटली सीलबंदच घ्यायची, रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं. मग पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या काढून साफ करा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. पिना अडकल्या की एकच पॅड तिरका झिजतो आणि ब्रेक कमी लागतो. एवढं करूनही समाधान नसेल तर सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून बनवलेले) पॅड. ते बसवल्यावर ५० वरून २० पर्यंत दहा-पंधरा वेळा हळूहळू ब्रेक दाबून पॅड आणि डिस्कची ओळख करून द्या, पहिल्याच दिवशी घाटात जाऊ नका. बहुतेक गाड्या इथवर येऊन सुधारतात आणि होजचे पैसे वाचतात.

टायर, ट्यूब आणि पंक्चर

पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७, स्पोकची चाकं आणि आत ट्यूब. रोजच्या वापरात या गाडीची सगळ्यात मोठी अडचण हीच. ट्यूबलेस गाडीला खिळा लागला तरी घरी पोचता येतं. ट्यूबमध्ये खिळा गेला की हवा एका झटक्यात जाते. म्हणून डे-ट्रिपचं सामान ठरवताना पहिला मान टायर लिव्हर आणि ट्यूबला, बाकी सगळं नंतर.

हवा एकट्याला पुढे २५, मागे ३२ पीएसआय. मागे कोणी बसणार असेल तर पुस्तिकेतला आकडा बघून वाढवा. मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने. पंपावरची गेज एकमेकांशी सहमत नसतात. पुढे ३२-३५ भरून देणारे पुष्कळ आहेत. तेवढ्या हवेत पुढचं चाक ओल्या रस्त्यावर उड्या मारतं.

पंक्चर स्वतः काढायची तयारी घरी, सावलीत करून बघा. क्रम असा. मेन स्टँडवर गाडी. ॲक्सलचा नट सैल, चेन ॲडजस्टरची दोन्ही बाजूंची खूण मोबाइलवर टिपून ठेवा. चाक पुढे ढकलून चेन उतरवा, चाक काढा. चाक बाहेर असताना ब्रेकचं पेडल दाबू नका, पॅड मिटले की डिस्क परत जाता जात नाही. व्हॉल्व्हची कोर काढून उरलेली हवा सोडा. टायरची कड रिमवरून सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड त्यावर टेकवून भार द्या, लगेच सुटते. लिव्हर व्हॉल्व्हजवळ घाला आणि त्याच्या बरोबर समोरची कड गुडघ्याने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा. ती दाबली नाही तर भीमाला आणलं तरी टायर निघणार नाही, दाबली तर तीन लिव्हरमध्ये काम होतं. आतला खिळा कापडाने चाचपून शोधा, बोटाने नको. स्पोकची टोकं झाकणारी रबरी पट्टी सरकली आहे का तेही बघा. वारंवार आतल्या बाजूने पंक्चर होत असेल तर कारण तीच पट्टी.

नवी ट्यूब घालताना तिच्यात फक्त आकार येईल इतकी हवा भरा. अगदी सपाट ट्यूब लिव्हरखाली चिमटते आणि दहा मिनिटांत तेच काम पुन्हा करायला लागतं. टायर बसवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. व्हॉल्व्हचा नट रिमवर करकचून आवळू नका, वर टोपणापर्यंत सैल ठेवा. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होऊन आधीच सूचना देतो. नट आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह मुळातून उखडतो. ॲक्सलचे पाने गाडीसोबत आलेल्या टूलकिटमध्ये नीट बसतात का हे निघायच्या आदल्या दिवशी लावून पाहा. रस्त्यावर कळून उपयोग नाही.

स्पोकच्या चाकाला आतून टेप आणि सिलंट लावून ट्यूबलेस करून देणारे बरेच आहेत. करू नका. स्पोक कधी ना कधी ढिले होतात, चाक ट्रू (सरळ) करायला घेतलं की सील तुटतं. शिवाय ट्यूबलेस रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा असतो, ट्यूबच्या रिमला तो असेलच असं नाही. हवा कमी झाली की वळणावर कड सुटते. ट्यूबमध्ये हिरवं सिलंट भरायचा तोडगाही अर्धाच. बारीक काट्याला ते चालतं, पण ट्यूब फाटली तर पॅच चिकटत नाही आणि पंक्चरवाला दोन शिव्या घालतो.

टायर निवडताना जाड गोट्यांच्या ऑफ-रोड टायरच्या मोहात पडू नका. रोजचा रस्ता डांबरी आणि सिमेंटचा आहे. त्यावर ते भुणभुणतात, लवकर झिजतात आणि ओल्या सिमेंटवर घसरतात. ८० टक्के रस्ता, २० टक्के माती असा पॅटर्न घ्या.

चेन

मेन स्टँड कंपनीचाच आहे, म्हणून चेनची देखभाल सोपी. चेनमध्ये ओ-रिंग आहेत. पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य, दोन्ही रिंग खातात. रॉकेल किंवा डिझेल आणि मऊ ब्रश. पुसून, वाळवून मगच ल्यूब, तेही फेरी संपल्यावर चेन कोमट असताना, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने. फिरताना ते आपोआप बाहेर पसरतं. स्प्रे महाग वाटत असेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल चालतं. फक्त ते रिमवर उडतं, म्हणून लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी जास्तीचं पुसा. साधारण ५०० किलोमीटरला एकदा, पावसात भिजली की त्याच संध्याकाळी. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन फिरवायची सवय असेल तर आजच सोडा. स्प्रोकेट बोटाला दुसरी संधी देत नाही. हाताने चाक फिरवा.

चेनचा सैलपणा स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा आणि तो चेनच्या सगळ्यात ताठ जागी मोजा. बहुतेक जण ती गरजेपेक्षा ताठ ठेवतात. मागचं चाक १८० मिमी वर-खाली होतं. ताठ चेन खड्ड्यात आणखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. मागच्या स्प्रोकेटवरून, चाकाच्या मागच्या टोकाला, चेन बोटाने मागे ओढून पाहा. दाताचा अर्धा भाग उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रोकेट एकदम बदला. एकटी चेन बदलणं म्हणजे नव्या चेनचं आयुष्य अर्ध्यावर आणणं.

पुढचं स्प्रोकेट एक दाता मोठं करण्याची टूम आहे. १५ ऐवजी १६ केलं तर त्याच स्पीडला आरपीएम जेमतेम सहा टक्के उतरतात. हायवेवर थोडा आराम मिळतो, पण शहरात क्लच जास्त खेळवावा लागतो. आठवड्यातले सहा दिवस ट्रॅफिकमध्ये जाणाऱ्या गाडीला हा सौदा तोट्याचा.

दिवे आणि वायरिंग

हेडलाइटला एच४ बल्ब आहे, ६०/५५ वॉट. एलईडी बल्ब टाकला की समोर पांढरं लख्ख दिसतं आणि लोक खूश होतात. पण रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेसाठी बनवलेला आहे. एलईडीची चिप तिथे तंतोतंत बसली नाही तर प्रकाश वर उधळतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला मात्र वीस मीटरपुढे काळोखच. आधी काच साफ करा, बल्बच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लावून थेट बॅटरीवरून पुरवठा द्या. मूळ बल्बच नव्यासारखा पेटतो.

जास्तीचे दिवे लावायचेच तर २० वॉटचे दोन पुरे. ४० वॉट म्हणजे सव्वातीन अँपिअर. बॅटरीच्या धन टोकापासून वितीभर अंतरात १० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून दिव्यांना, ८५ अर्थ, ८६ ला चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी वायर, मध्ये स्विच. मुख्य वायर १.५ चौरस मिमीची, स्विचची बारीक चालते. जुन्या गाडीत बहुतेक वेळा फ्यूजच नसतो आणि वायर सोलून त्यावर काळी टेप गुंडाळलेली असते. हा सगळा संसार उपटून काढा आणि नव्याने करा. सुरुवातीला म्हटलेले चार दिवे इथेच कमी होतात. हँडलच्या मानेपाशी वायर थोडी सैल सोडा. ताणून बांधली तर वळवून वळवून आतून तुटते आणि दिवा फक्त डावीकडे वळताना विझतो. धुक्यासाठी दिवे जितके खाली तितके चांगले. रंग पिवळा की पांढरा हा वाद त्यानंतरचा.

मोबाइल चार्जर थेट बॅटरीला जोडला तर तो गाडी बंद असतानाही थोडा करंट खात राहतो. दहा मिलीअँपिअर धरले तरी पंधरा दिवसांत साडेतीन अँपिअर-तास होतात. बॅटरी ८ अँपिअर-तासांची आणि किक नाही. गणपतीत गावाला जाऊन आलं की गाडी फक्त 'टक टक' करते, त्याचं उत्तर इथे. चार्जर चावीवर घ्या. बॅटरी तपासताना गाडी बंद असताना १२.६ च्या वर आणि रेस केल्यावर १४ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळायच्या आत बदला.

सामान, सीट, काच

एका दिवसाला रेनसूट, ट्यूब आणि हत्यारं, दोन लिटर पाणी, प्रथमोपचार आणि डबा लागतो. सगळं मिळून आठेक किलो. यासाठी २०-२५ लिटरची एक टेल बॅग पुरते आणि ती मागच्या सीटवर बांधायची, कॅरिअरवर नाही. कॅरिअर मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या मागे येतं. तिथलं वजन पुढचं चाक हलकं करतं आणि आधी सांगितलेलं डुलणं वाढवतं. हुकवाल्या रबरी दोऱ्यांपेक्षा बकलचे पट्टे घ्या. हुक निसटला तर एक तर डोळ्यात जातो, नाही तर चेनमध्ये. मागे कोणी बसणार असेल तर कापडी सॅडल बॅग, पण सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे हे लक्षात ठेवून. त्या बाजूची बॅग फ्रेमशिवाय टाकली तर पहिल्याच फेरीत वितळते.

सीटचा फोम दोन-तीन वर्षांत बसतो. नवी सीट घेण्यापेक्षा चांगल्या सीटवाल्याकडून फोम बदलून घ्या. शिवणीखाली प्लास्टिकचा थर द्यायला सांगा, नाही तर पावसाळाभर फोम पाणी पिऊन बसतो. उंची कमी करायला फोम तासू नका. ८०० मिमी तशी फार नाही आणि तासलेल्या सीटवर दोनशे किलोमीटरनंतर बसवत नाही. काचेबद्दल एवढंच की उंच माणसाला मूळ काचेवरून वारा थेट हेल्मेटवर येतो. वर लावायचा छोटा क्लिप-ऑन तुकडा पुरतो.

पावसाळा, समुद्र आणि सर्व्हिस

इंजिन ऑइल १५डब्ल्यू५० सेमी-सिंथेटिक, डब्यावर जासो एमए२ लिहिलेलं हवं. कारसाठीचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो, कारण इथे क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाडीला ५००० किलोमीटरला ऑइल बदलणं बरं, फिल्टरसकट. ऑइल कूलरच्या जाळीत चिखल वाळला की इंजिन जास्त तापतं. तो ओल्या ब्रशने काढा, प्रेशरने मारलं तर पंख वाकतात. एअर फिल्टर कागदी आहे, धुवायचा नाही. आतून बाहेर हवा मारायची आणि धुळीच्या रस्त्यांनंतर लवकर बदलायचा.

दिवेआगर-हरिहरेश्वर करून आलात तर त्याच रात्री गोड्या पाण्याने गाडी धुवा. वाळूत घातली नसली तरी वाऱ्यातलं मीठ स्पोकच्या निपलपर्यंत पोचतं. गंजलेला निपल चाक ट्रू करताना तुटतो. दर दोन-तीन महिन्यांनी स्पॅनरने स्पोक वाजवून बघा. ताठ असतो तो टणकन वाजतो, ढिला बद्द.

जुन्या बुलेटवाल्यांची एक सवय इथेही उचला. नवी क्लच केबल चालू केबलच्या शेजारूनच ओढून, दोन्ही टोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधून ठेवा. केबल तुटली तर टाकी न उचलता दहा मिनिटांत बदलते. २०२३ आधीच्या गाड्या ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल गृहीत धरून बनलेल्या नाहीत. पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक झाल्यात का, चिरा आहेत का हे वर्षातून एकदा बघा आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत साठवू नका.

कोनसेट, ब्रेक, स्पोक, टॅपेट ही कामं हात असलेला गल्लीतला मेकॅनिक उत्तम करतो. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर आणि फिलर गेज लावूनच, अंदाजाने करणाऱ्याला हात लावू देऊ नका. इंजिन लाइट, सेन्सर, एबीएसची तक्रार असेल तर अधिकृत सेंटर गाठा. तिथे स्कॅनर आहे, बाहेर अंदाजाने एकेक पार्ट बदलत खर्च वाढतो. जॉबकार्डवर तक्रार 'गाडी आवाज करते' अशी नको, 'साठच्या वर, ब्रेक सोडल्यावर, पुढून टक्' अशी लिहायला लावा.

कायद्याचं थोडक्यात. साडी गार्ड काढू नका, मागच्या प्रवाशासाठी तो नियमानेच लागतो. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावलेली गाडी घेतलीत तर मूळ सायलेन्सर सोबत मागा. पुण्यात जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवतात आणि तो खर्च तुमचाच. एप्रिल २०१९ आधी नोंदणी झालेल्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बसवलेली आहे का बघा. नसेल तर ते काम व्यवहाराआधी मूळ मालकाकडून करून घेतलेलं बरं.

काढलेले डबे आणि जेरीकॅन भंगारात देऊ नका. एप्रिल-मेमध्ये विकायला काढा. लडाखला निघालेले तेव्हा नेमकं हेच शोधत असतात.